पोटाखालची पायरी

पहिल्या महायुद्धातल्या विमानांचा विषय निघाला की गप्पा लढाऊ विमानांवर आणि त्यांच्या शूर वैमानिकांवर जातात. माझी सगळी नोकरी नौदलाच्या विमानांच्या देखभालीत गेली. मला विचाराल तर मी ‘फेलिक्सस्टो एफ.२ए’ या पाण्यावरूनच उडणाऱ्या आणि पाण्यावरच उतरणाऱ्या लाकडी फ्लाइंग बोटीचं नाव आधी घेईन, आणि ते तिच्या तळासाठी.

तो तळ घडवला जॉन सिरिल पोर्ट यानं. ब्रिटिश नौदलात पाणबुडीवरचा अधिकारी. क्षयामुळे १९११ साली त्याला सेवेतून निवृत्त केलं. आजारी फुप्फुसं घेऊन हा माणूस उडायला शिकला आणि १९१४ मध्ये अमेरिकेत विमानं बांधणाऱ्या ग्लेन कर्टिसकडे जाऊन पोहोचला. विमानानं अटलांटिक ओलांडणाऱ्याला ‘डेली मेल’ या ब्रिटिश वर्तमानपत्रानं १०,००० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. त्यासाठी कर्टिसनं ‘अमेरिका’ ही फ्लाइंग बोट बांधली, आणि ती पोर्ट चालवणार होता. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं आणि तो बेत राहूनच गेला. पोर्ट इंग्लंडला परतला, पुन्हा नौदलात रुजू झाला आणि कर्टिसच्या बोटी विकत घ्यायला त्यानं वरिष्ठांना राजी केलं.

बोटी आल्या, पण उत्तर समुद्राच्या लाटांपुढे त्यांच्या तळांचा निभाव लागेना. मग इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फेलिक्सस्टो इथल्या नौदलाच्या ठाण्यावर पोर्टनं स्वतःच नवे तळ आखायला घेतले.

अडचण काय होती ते सांगतो. ओल्या ओट्यावर ठेवलेलं ताट उचलताना चिकटून बसतं, तसं पाणी बोटीचा तळ धरून ठेवतं. इंजिनानं कितीही जोर लावला तरी बोट सुटत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे तळाला आडवी दिलेली पायरी. पुढून सरकत आलेलं पाणी त्या कडेशी तुटतं, मागे हवा शिरते आणि वेग वाढला की बोट पायरीच्या पुढच्या भागावर तोलून पाण्यावरून घसरत धावू लागते. तिथून उचलायला मग थोडीच ताकद पुरते. पोर्टनं पायऱ्या वाढवून, त्यांच्या जागा बदलून पुन:पुन्हा चाचण्या घेतल्या. तळाला खोल इंग्रजी ‘व्ही’चा आकार दिला, म्हणजे लाट आदळण्याऐवजी कापली जाते.

ही पायरी आपल्याकडेही पाहता येते. आपल्या नौदलाकडे १९५३ साली कोचीला पहिली विमानं आली ती शॉर्ट सीलँड जातीची, पाण्यावर आणि धावपट्टीवर दोन्हीकडे उतरणारी. त्यातलं एक गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात उभं आहे. पोटाखाली हात घातला की पत्रा एकदम तुटल्यासारखा वर सरकतो. तीच ती कड. बहुतेक लोक त्या विमानाचा फोटो काढून पुढच्या विमानाकडे वळतात, याची मला हळहळ वाटते.

पुन्हा एफ.२ए कडे येतो. पंखांचा पसारा ९५ फुटांहून अधिक, रोल्स-रॉइसची दोन ‘ईगल’ इंजिनं, चार माणसं, पंखांखाली २३० पौंडांचे दोन बॉम्ब आणि चार-पाच मशीनगन. काम पाणबुड्या शोधण्याचं. पाण्याखाली बॅटरीवर फार लांब जाता येत नसल्यामुळे जर्मन पाणबुड्या बराचसा प्रवास पृष्ठभागावरून करत. १९१७ च्या एप्रिलपासून नॉर्थ हिंडर या दीपनौकेभोवती नकाशावर कोळ्याचं जाळं आखलं गेलं: आठ आरे, प्रत्येकी ३० मैलांचे, आणि सुमारे ४,००० चौरस मैल समुद्र. फ्लाइंग बोटी त्या रेषांवरून गस्त घालत. पाणबुड्या बुडवल्याचे बरेच दावे पुढे टिकले नाहीत. पण वर विमान घिरट्या घालतंय म्हटल्यावर पाणबुडीला बुडी मारावीच लागे, आणि पाण्याखाली तिचा वेग मंदावे. माझ्या लेखी या गस्तीचं खरं यश तेच.

इंजिन बंद पडलं तर समुद्रावर उतरता येतं, हा फ्लाइंग बोटीचा आधार खरा, पण त्याचीही परीक्षा होई. सप्टेंबर १९१७ मध्ये पाण्यात पडलेल्या एका डीएच.४ विमानातल्या दोघांना वाचवायला वैमानिक रॉबर्ट लेकीनं आपली कर्टिस बोट खवळलेल्या समुद्रावर उतरवली. दोघांना आत घेतलं, पण बोट पुन्हा उठेना. सहा माणसं तीन दिवस आळीपाळीनं पाणी उपसत राहिली. सोबतची चार कबुतरं त्यांनी निरोप बांधून सोडली. त्यातलं एक किनाऱ्यापर्यंत पोहोचून थकव्यानं मेलं, पण निरोप मिळाला आणि जहाज येऊन सहाही जण वाचले. ते कबुतर पेंढा भरून जपून ठेवलं गेलं.

पुढच्या जूनमध्ये याच लेकीच्या नेतृत्वाखाली चार एफ.२ए आणि एक कर्टिस निघाल्या. पुढे चौदा जर्मन विमानांशी त्यांची चकमक झाली, पण त्याआधीच एक एफ.२ए पेट्रोलची नळी तुंबून पाण्यावर उतरली. देखभालीच्या माणसाला हे वाचताना चैन पडत नाही. त्या चकमकीनंतर बोटी भडक पट्ट्यांनी रंगवायची मुभा मिळाली, म्हणजे खाली उतरलेली बोट आपली कुठली ते लांबूनच कळावं.

पोर्ट ऑक्टोबर १९१९ मध्ये क्षयानंच गेला, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. त्याच्या आराखड्यावरची एफ.५ ही बोट पुढे जपाननंही बांधली, आणि अमेरिकेनं आपली इंजिनं बसवून तिची ‘एफ.५.एल’ केली. म्हणजे कर्टिसकडून निघालेली बोट इंग्लंडमध्ये नवा तळ घेऊन पुन्हा अमेरिकेत गेली. तिथल्या नौदलानं पोर्टला मरणोत्तर पदक दिलं.