'मला फरक पडला' म्हणजे पुरावा का?

मानसशास्त्र म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखणं, असं समजणारे अजूनही भेटतात. बी.ए.ला हा विषय घेतलेली मुलं मात्र सुरुवातीलाच भलत्या गोष्टींशी झटापट करत असतात: नमुना, तुलना गट, सहसंबंध. मावळातल्या विद्यार्थ्याला यासाठी अमेरिकेतली उदाहरणं पाठ करायची गरज नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये मावळातल्याच लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. योगक्रिया त्यांनी क्ष-किरणांखाली आणि दाबमापक लावून तपासल्या. श्रद्धा पक्की, पण भाबडेपणा नाही.

"प्राणायामाने शरीराला भरपूर जास्त ऑक्सिजन मिळतो." हा निरोप व्हॉट्सॲपवर रोज फिरतो. खुद्द कुवलयानंदांना ते मान्य नव्हतं. प्राणायामाचं मोल जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये शोधू नये, असं त्यांचं म्हणणं. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासावरही ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेलं असतं. तिथे आणखी किती कोंबणार?

"पण मन एकाग्र होतं, हे मला स्वतःला जाणवतं ना!" इथे खरी गंमत आहे. मूळचे केरळचे आणि अमेरिकेत येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकलेले के. टी. बेहनन १९३०च्या दशकात लोणावळ्याला कुवलयानंदांकडे योग शिकायला आले. नंतर त्यांनी स्वतःवरच मोजमापं केली आणि १९३७ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. उज्जायी प्राणायामाच्या वेळी त्यांचा ऑक्सिजनचा वापर २४.५ टक्क्यांनी वाढलेला दिसला, म्हणजे गुरूंच्या मताशी हे काही सरळ जुळणारं नव्हतं. शिवाय प्राणायाम झाल्यावर लगेच बेरजांसारख्या चाचण्या सोडवल्या, तर वेग मंदावलेला निघाला. मनाला मात्र शांत, सैल वाटत होतं! बरं वाटणं आणि कामाचा वेग वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मोजायची तर घड्याळ लावावं लागतं.

आता यावरून "प्राणायामाने डोकं मंद होतं" असं कुणी ठोकून देऊ नये. माणूस एकच, प्रयोग करणारा तोच, प्रयोगातलं पात्रही तोच. आज प्राणायाम झालाय की नाही हे त्याला माहीत, त्यामुळे अपेक्षेचा रंग चढणारच. आणि मोजला तो लगेचचा परिणाम. वर्षभराच्या साधनेबद्दल त्यातून काहीच कळत नाही. बेहननचा प्रयोग प्रश्न चांगला उभा करतो, एवढंच.

"डोळ्यांनी पाहिलंय, योग्याने नाडी थांबवली." नाडी लागत नाही, हे खरंच घडतं. वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी असे दावे करणाऱ्यांना ईसीजी लावला. त्याचा अहवाल १९६१ मध्ये आला. छातीतला दाब वाढवल्यामुळे मनगटावरची नाडी लागेनाशी झाली, हृदय मात्र चालूच होतं.

"अभ्यासात आढळलं, म्हणजे कारण सापडलं." हा गैरसमज सगळ्यांत चिवट, शिकलेल्यांतही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आहार नोंदवला, आणि पुढे त्यांच्या मुलांच्या वाढीचा माग वर्षानुवर्षं ठेवला. पालेभाज्या आणि फळं वरचेवर खाणाऱ्यांची बाळं जन्मतः थोडी मोठी होती. मग पालेभाजीमुळेच का? की जिच्या घरी चुका-चाकवत पिकतो तिच्या गोठ्यात दुभती म्हैसही असते? नुसत्या नोंदींतून हा गुंता पुरता सुटत नाही. म्हणून संशोधकांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ६,५१३ बायकांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले. दोन्ही गटांना गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज समोसा-भजीसारखा खाऊ. एकात पालेभाजी, फळं, दूध, दुसऱ्यात बटाटा, कांदा असलं काहीबाही. २०१४ मध्ये निकाल आला: सगळ्यांचा मिळून विचार केला तर जन्मवजनात ठोस फरक नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेतलेल्यांत सरासरी ४८ ग्रॅम वाढ. आणि जो मुख्य प्रश्नच नव्हता त्याचंही उत्तर पुढे २०१६ मध्ये हाती लागलं: गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण १२.४ टक्क्यांऐवजी ७.३. माझ्या मते पहिल्या वर्षाच्या पुस्तकात हा धडा पाव्हलॉव्हच्या कुत्र्याच्या शेजारी छापायला हवा.

"शेजारचा दहाव्या महिन्यात चालला, आपला अजून धरून धरूनच." कामशेतच्या अंगणवाडीत काय नि तळेगावच्या सोसायटीत काय, आजीची काळजी तीच. सरासरी ही वेळमर्यादा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांच्या नोंदी २००६ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यानुसार आधाराशिवाय चालायला लागण्याचा नेहमीचा काळ सुमारे ८ ते साडेसतरा महिने इतका ऐसपैस आहे. तो ओलांडला तर डॉक्टरांना दाखवावंच. आणि "आमचा रांगलाच नाही हो, एकदम उभा राहिला" म्हणणाऱ्या आईनेही घाबरायचं कारण नाही. त्याच नोंदींत हातागुडघ्यांवर न रांगलेली मुलं चार टक्क्यांच्या वर होती.