लीडहोल्म, निल्स

(८ ऑक्टोबर १९२२–५ नोव्हेंबर २००७). विख्यात स्वीडिश फुटबॉलपटू व प्रशिक्षक. मधल्या फळीतील जगातील श्रेष्ठ खेळाडूंत त्याची गणना होते. त्याच्या क्रीडाजीवनाचा बहुतेक काळ इटलीत व्यतीत झाला. तेथे त्याला मानमरातब व दीर्घ कारकीर्द लाभली. परंतु त्याच कारणास्तव ऐन उमेदीच्या वर्षांत स्वदेशाच्या संघाची दारे त्याला बंद राहिली.

लीडहोल्मचा जन्म आग्नेय स्वीडनमधील वाल्डेमार्सव्हीक या लहानशा गावी झाला. गावच्या संघातून खेळास प्रारंभ करून तो नॉरशपिंग शहरातील स्लाइपनर या संघात व १९४६ मध्ये त्याच शहरातील आयएफके नॉरशपिंग या बलाढ्य संघात दाखल झाला. या संघाचा प्रशिक्षक लायोश त्सायझलर हा हंगेरियन होता आणि गुन्नार नोरदाल हा धिप्पाड आघाडीवीर त्याच संघात खेळत असे. १९४६-४७ व १९४७-४८ या दोन्ही हंगामांत संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ राहिल्याने तेथील साखळी सामने अखंड चालू होते. युद्धोत्तर काळात या लहान देशाचा खेळ इतरांपेक्षा सरस ठरला, त्याचे हे एक कारण होय.

त्याचा प्रत्यय १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आला. जॉर्ज रेनर या इंग्रज प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली स्वीडनने ऑस्ट्रिया, कोरिया व डेन्मार्क यांना नमविले आणि वेम्ब्लीवरील अंतिम सामन्यात यूगोस्लाव्हियाचा ३–१ असा पराभव करून सुवर्णपदक पटकाविले. गुन्नार ग्रेन, नोरदाल व लीडहोल्म हे आघाडीच्या फळीचे तीन आधारस्तंभ होते.

स्वीडनमध्ये त्या वेळी फुटबॉल हा हौशी खेळ होता. खेळाडू नोकरी सांभाळून खेळत. नोरदाल स्वतः अग्निशामक दलात नोकरीस होता. खेळासाठी वेतन घेणाऱ्यास राष्ट्रीय संघात स्थान नाही, असा तेथील फुटबॉल संघटनेचा दंडक होता. इटलीत याउलट धनिक संघ परदेशी खेळाडूंसाठी मोठ्या रकमा मोजत असत. ऑलिंपिक विजेत्यांकडे त्यांची दृष्टी वळली, यात नवल नाही. जानेवारी १९४९ मध्ये नोरदाल मिलान संघात गेला व त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ग्रेन व लीडहोल्म यांनी त्याचे अनुकरण केले. प्रशिक्षक म्हणून त्सायझलरही मिलानमध्ये आला. त्याच वर्षी ४ मे रोजी सुपेर्गा टेकडीवरील विमान-अपघातात तूरिनचा अजिंक्य तोरीनो संघ जवळजवळ संपूर्ण नष्ट झाला होता, त्यामुळे इटालियन फुटबॉलमधील अग्रस्थान रिकामे पडले होते.

तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून इटालियन प्रेक्षकांनी ‘ग्रे-नो-ली’ असे नाव तयार केले व ते त्यांना कायमचे चिकटले. ग्रेनचे चातुर्य, नोरदालची ताकद आणि लीडहोल्मचा संयम यांचा हा संगम होता. १९४९-५० च्या हंगामात मिलानने साखळी सामन्यांत ११८ गोल केले. तूरिन येथे यूव्हेंतसवर ७–१ अशी मात केली, त्या सामन्यात तिघांचेही गोल होते. अजिंक्यपद मात्र यूव्हेंतसलाच मिळाले. पुढील हंगामात (१९५०-५१) मिलानने ते जिंकले. १९०७ नंतरचे हे त्याचे पहिलेच अजिंक्यपद.

ग्रेनने १९५३ मध्ये व नोरदालने १९५६ मध्ये मिलान सोडले. लीडहोल्म १९६१ पर्यंत तेथेच राहिला. तो डाव्या बाजूचा आघाडीवीर म्हणून आला होता. वयोमानाप्रमाणे मधल्या फळीत व अखेरीस बचावाच्या बाजूस सरकला. धावण्याचा वेग कमी होत जातो, पण खेळाची समज वाढत जाते, हे त्याने वेळीच ओळखले. चेंडू फार काळ पायाशी न ठेवता तो मोकळ्या सहकाऱ्याकडे अचूक सोपविणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. अनेक महिन्यांनंतर त्याचा एक पास चुकला, तेव्हा सान सीरो क्रीडांगणावरील प्रेक्षकांनी विस्मयाने टाळ्यांचा कडकडाट केला, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. परंतु ती दुसऱ्या कोणाबद्दल प्रचलित झाली नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. मिलानच्या १९५०-५१, १९५४-५५, १९५६-५७ व १९५८-५९ या चारही अजिंक्यपदांत त्याचा वाटा होता. १९५८ च्या यूरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात, ब्रूसेल्स येथे, त्याच्या नेतृत्वाखालील मिलानने रेआल माद्रिदला निकराची झुंज दिली व जादा वेळेत २–३ अशी हार पत्करली.

या काळात स्वीडनच्या राष्ट्रीय संघाची वाटचाल त्याच्याविना चालू होती. १९५० च्या विश्वचषक स्पर्धेत हौशी खेळाडूंच्या स्वीडिश संघाने साऊँ पाउलू येथे खुद्द इटलीला ३–२ असे हरविले आणि अखेर तिसरा क्रमांक मिळविला. या यशाचा परिणाम उलटाच झाला. त्या संघातील हान्स येप्सन, लेनार्ट स्कोग्लुंड आदी खेळाडूंनाही यथावकाश इटलीने ओढून नेले आणि तेही राष्ट्रीय संघाला दुरावले. १९५४ च्या विश्वचषक स्पर्धेस स्वीडन पात्रही ठरू शकला नाही. हौशी तत्त्वाचा अट्टाहास उदात्त असला, तरी त्याची किंमत खेळाडूंना व प्रेक्षकांना मोजावी लागली, असेच म्हणावे लागते.

१९५८ ची स्पर्धा स्वीडनमध्येच भरावयाची होती, तत्पूर्वी हा निर्बंध उठविण्यात आला. इटलीतून लीडहोल्म, स्कोग्लुंड, कुर्त हामरिन व बेंग्ट गुस्ताव्हसन परतले. मायदेशी येऊन राहिलेला ३७ वर्षांचा ग्रेनही संघात होता. नेतृत्व लीडहोल्मकडे व प्रशिक्षण पुन्हा रेनरकडे आले. मेक्सिको व हंगेरीवर विजय मिळवून स्वीडनने आपल्या गटात आघाडी घेतली, नंतर सोव्हिएट रशियाला २–० व गॉथेनबर्ग येथील उपान्त्य सामन्यात पश्चिम जर्मनीला ३–१ असे हरविले. २९ जून रोजी स्टॉकहोमलगतच्या रोसुंडा मैदानावर ब्राझीलशी अंतिम सामना झाला. ब्राझील पिछाडीवर पडला की गोंधळतो, असा रेनरचा कयास होता. चौथ्याच मिनिटाला लीडहोल्मने दोन बचावपटूंना चकवून जमिनीलगतचा फटका मारला व गोल केला. स्पर्धेत ब्राझील प्रथमच पिछाडीवर पडला. परंतु डीडीने जाळ्यातील चेंडू उचलून शांतपणे मध्यरेषेपर्यंत आणला आणि ब्राझीलने पुढे ५–२ असा विजय मिळविला.

त्या दिवशी लीडहोल्मचे वय ३५ वर्षे व सुमारे पावणेनऊ महिने होते. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोल करणारा सर्वांत वयस्क खेळाडू हा त्याचा विक्रम २०२२ च्या स्पर्धेतही अबाधित राहिला. त्या वर्षी अंतिम सामन्यात गोल करणारा लिओनेल मेस्सी त्याच्याहून सुमारे तीन महिन्यांनी लहान होता. योगायोग असा, की सर्वांत तरुण गोलकर्ता, १७ वर्षांचा पेले, त्याच सामन्यात प्रतिपक्षाकडून खेळत होता. लीडहोल्म राष्ट्रीय संघातून एकूण केवळ २३ सामने खेळला व त्यांत त्याने ११ गोल केले. मिलानसाठी मात्र साखळीतच साडेतीनशेहून अधिक सामने त्याच्या नावावर आहेत.

निवृत्तीनंतर तो इटलीतच प्रशिक्षक झाला. मिलान, व्हेरोना, व्हारेसे, फिओरेंतिना व रोमा या संघांचे मार्गदर्शन त्याने केले. प्रतिपक्षाच्या एकेका खेळाडूमागे आपला एकेक खेळाडू लावण्याची इटालियन प्रथा सोडून त्याने विभागवार बचावाची पद्धत रुजविली. १९७८-७९ मध्ये मिलानने त्याच्या हाताखाली दहावे अजिंक्यपद मिळविले. १९८२-८३ मध्ये रोमाने एकेचाळीस वर्षांनी अजिंक्यपद जिंकले, त्याचे श्रेय ब्राझीलच्या फाल्काऊइतकेच त्यालाही दिले जाते. पुढील वर्षी रोममध्येच झालेल्या यूरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात मात्र लिव्हरपूलने रोमाला पेनल्टी फटक्यांवर हरविले. फ्रांको बारेसी व पाओलो माल्दीनी या दोघांनाही अनुक्रमे १९७८ व १९८५ मध्ये, कोवळ्या वयात, प्रथम संधी देणारा प्रशिक्षक लीडहोल्मच होता. त्याच्या भारदस्त, मितभाषी वागणुकीमुळे इटालियन लोक त्याला ‘बारोने’ (सरदार) म्हणत.

पीडमाँट प्रदेशातील कूक्कारो मोन्फेर्रातो येथे त्याने द्राक्षमळे लावून मद्यनिर्मिती सुरू केली होती. तेथेच त्याचे निधन झाले.