मगरीची शिकार आणि नदीकाठचा माणूस

सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबरच्या बाजूने कृष्णेच्या काठाने जाताना थंडीच्या दिवसांत गाळावर जबडा उघडून निश्चल पडलेली मगर दृष्टीस पडते. काही ठिकाणी तिला सुसर म्हणण्याची रूढी आहे. परंतु लांब, निमुळत्या तोंडाची सुसर हा उत्तरेकडील नद्यांतील वेगळा प्राणी होय. कृष्णेत किंवा चिपळूणच्या वाशिष्ठीत आढळते ती मगरच. तिचे उन्हात पडणे हा आळस नव्हे. शरीराला लागणारी उष्णता ती सूर्यापासून घेते. त्यामुळे तिची अन्नाची गरजही अल्प असते व ती कित्येक आठवडे उपाशी राहू शकते.

तिच्या शिकारीचे मर्म या सबुरीतच आहे. मगर सावजाचा दूरवर पाठलाग करीत नाही. ती वाट पाहते. डोळे व नाकपुड्या डोक्याच्या वरच्या भागात असल्याने तेवढ्याच पाण्याबाहेर ठेवून उरलेला देह ती बुडवून ठेवते. जबड्यावरील ठिपक्यांसारखी ज्ञानेंद्रिये पाण्याचे सूक्ष्म तरंग टिपतात, म्हणून काळोखातही भक्ष्याचा ठाव तिला लागतो. घशाशी असलेला पडदा मिटत असल्याने पाण्यात तोंड उघडले तरी पाणी आत शिरत नाही. चावून खाणे तिला जमत नाही. मासा ती गिळते; मोठ्या सावजाला पाण्यात ओढून, अंगाला पीळ देऊन लचके तोडते.

मासे हेच तिचे नेहमीचे अन्न. तथापि एकाच पाणवठ्यावर रोज ठराविक वेळी गुरे उतरत असतील, तर तेथे दबा धरणे तिला सोयीचे पडते. धुणे धुण्यासाठी काठाशी ओणवणाऱ्या माणसालाही हाच धोका आहे. कोंबडी-मासळीची घाण घाटाजवळ टाकणे म्हणजे तर तिला आमंत्रणच.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी काठावर खड्डा करून साधारण पंचवीस-तीस अंडी घालते. घरट्यातील उष्णतेवर पिलू नर की मादी हे ठरते. सुमारे दोन महिन्यांनी आतून पिलांचा आवाज येताच ती माती उकरते आणि ज्या जबड्याने शिकार करते त्यातच पिलांना अलगद धरून पाण्यात नेते. या काळात वाळू वा माती उपसणाऱ्यांवर ती धावून जाते, हे ग्रामपंचायतींनी ध्यानी घ्यावे.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने मगरीला संरक्षण दिले आहे. पुराच्या वेळी ती शेतात वा वस्तीत आल्यास गर्दी न करता वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना कळवावे.