द्राक्षं धुतली, पण सगळं निघालं का?

फेब्रुवारी लागला की मुलांच्या डब्यात द्राक्षं दिसू लागतात. मागे एका आईने विचारलं, "बाई, द्राक्षांवरची ती पांढरी पूड म्हणजे औषधच ना? मी तर द्राक्षं देणंच बंद केलंय." तुमचाही असा समज असेल तर आधी तो दूर करू. मण्यावर सगळीकडे सारखी पसरलेली, बोट फिरवलं की पुसली जाणारी ती लव म्हणजे सालीचं स्वतःचं मेण. फवारणीचे डाग वाळलेल्या थेंबांसारखे, ठिपक्याठिपक्यांचे दिसतात.

काळजी करायची ती न दिसणाऱ्या अंशाची.

बोर्डो मिश्रणासारखी काही औषधं सालीवरच बसतात. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं की त्यांचा बराच भाग जातो. काही औषधं मात्र आंतरप्रवाही असतात, म्हणजे पानांतून आत शिरून रसाबरोबर झाडभर फिरतात. त्यांचा फळात उतरलेला अंश धुऊन निघत नाही. मिठाचं पाणी घ्या नाहीतर सोड्याचं, ते सालीच्या आतवर पोचत नाही.

2010 साली नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना याचा मोठा फटका बसला. वेलीची नुसती शेंडावाढ होऊ नये म्हणून सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, वापरायची पद्धत जुनीच होती. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं, युरोपात मात्र ते मोजलं गेलं आणि माल अडकला. तिथली मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम.

हा आकडा वर्गात फळ्यावर जरूर मांडा. एका किलोत 10 लाख मिलिग्रॅम, म्हणजे 2 कोटी भागांत एक भाग. 20 टन द्राक्षांत जेमतेम एक ग्रॅम! मुलं "बाप रे" म्हणतात. तेव्हाच हेही सांगा, की मर्यादा ओलांडली म्हणजे फळ विषारी झालं असं नव्हे. औषध नियमाप्रमाणे वापरलं तर जास्तीत जास्त किती उरेल आणि तेवढं खाण्यात आलं तर चालेल का, हे बघून ती ठरवतात.

नियमातला महत्त्वाचा भाग म्हणजे दिवस. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे हे औषधागणिक ठरलेलं असतं. ऊन आणि झाडातल्या क्रिया यांमुळे औषधाचं विघटन होत जातं, त्याला तेवढा वेळ लागतो. पण काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला, की डाऊनी-भुरीच्या भीतीने फवारावं तर लागतं आणि व्यापारी तर दारात उभा असतो. अशा वेळी थांबणं शेतकऱ्याला किती जड जातं, हे बागेतल्या घरांतली मुलं आपल्यापेक्षा चांगलं सांगतील. त्यांना बोलतं करा.

घरी एवढं करा: द्राक्षं आणल्याआणल्या धुऊन ठेवू नका, लव गेली की ती लवकर खराब होतात. खायच्या वेळी मणी सुटे करून, देठापाशी चोळून धुवा. साबण नको. आणि डब्यातली द्राक्षं बंद करू नका.