दुखापतीनंतरचे वाहन : जोडचाकांची स्कूटर

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावात शेत, बाजार आणि दवाखाना गाठण्याचे हाताशी असलेले साधन बहुधा दुचाकी हेच असल्यामुळे, अपघातात पाय गमावलेल्या किंवा मणक्याला मार लागून कमरेखालचे बळ गेलेल्या माणसाची अडचण चालण्यापुरती राहत नाही; त्याची ये-जा आणि तिच्यावर विसंबलेला रोजगार दोन्ही दुसऱ्याच्या सवडीवर जातात. अशा चालकासाठी सर्वांत रुळलेला पर्याय म्हणजे विनागिअरच्या स्कूटरला मागे दोन्ही बाजूंनी जादा चाके बसवणे. ही गाडी तोल सांभाळते. मात्र ती हाकण्याची रीत दुचाकीहून इतकी निराळी असते, की मुरलेल्या चालकालाही ती नव्याने शिकावी लागते.

स्कूटरच का, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे. मोटरसायकलीत डाव्या पायाला गिअर आणि उजव्या पायाला मागचा ब्रेक असतो, तर विनागिअरच्या स्कूटरमध्ये दोन्ही ब्रेक हाताशी येतात आणि वेगानुसार गिअर बदलण्याचे काम पट्ट्यावर चालणारी यंत्रणा आपोआप करते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोडब्रेक, म्हणजे एकच दांडी दाबली असता दोन्ही चाकांना लागणारा ब्रेक, सक्तीचा झाल्याने ही सोय वाढली आहे. परंतु जोडचाकांना सहसा स्वतंत्र ब्रेक नसतो आणि गाडीचे वजन वाढलेले असते, म्हणून पुढच्या वाहनापासून अधिक अंतर राखावे लागते.

खरा फरक वळणावर जाणवतो. दुचाकी वळणाकडे कलते, त्यामुळे चालकाचे वजन आपोआप आत जाते. जोडचाकांची गाडी कलू शकत नाही, ती बाहेरच्या बाजूला झुकू पाहते आणि वेग जास्त असल्यास आतले चाक उचलले जाते. म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा लागतो आणि शरीराचा वरचा भाग मुद्दाम आत न्यावा लागतो. काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावर आणखी एक पेच उद्भवतो : बाजूची चाके उंचवट्यावर टेकली आणि मधले चाक चाकोरीच्या खड्ड्यावर अधांतरी राहिले, तर ते नुसतेच फिरते आणि गाडी जागची हलत नाही. जोडचाकांना स्वतंत्र स्प्रिंग असल्यास हा त्रास कमी होतो. पाय टेकून गाडी मागे ढकलता न येणाऱ्याला रिव्हर्सची सोयही आवश्यक ठरते.

मणक्याच्या इजेत पायांची संवेदना गेलेली असल्यास तापलेल्या सायलेन्सरला पाय टेकूनही चटका कळत नाही आणि एकाच जागी बसून राहिल्याने त्वचेला जखमा होतात. त्यामुळे पाय पट्ट्याने स्थिर ठेवणे, मऊ बैठक वापरणे आणि ठरावीक वेळाने दाब हलका करणे हा वाहनचालनाचाच भाग मानावा लागतो.

कायद्याच्या दृष्टीने असे वाहन ‘अनुकूलित वाहन’ ठरते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने ही संज्ञा आणली असून, मालकाने बदल करून घेतल्यानंतर नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता मिळवण्याची तरतूद कलम ५२ मध्ये आहे. परवान्याचा वर्गही वेगळा असल्याने जुना दुचाकी परवाना येथे पुरत नाही, आणि अर्जदार असे वाहन चालवण्यास सक्षम असल्याची खात्री परवाना अधिकाऱ्याला पटावी लागते.

महाराष्ट्राशी जोडलेले ठळक उदाहरण दीपा मलिक यांचे आहे. १९९९ मध्ये मणक्यातील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे छातीखालचे शरीर लुळे पडले, तरी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे राहून त्या खास बांधणीच्या मोटरसायकलीवर पुन्हा बसल्या, २००९ मध्ये ‘रेड द हिमालय’ शर्यतीत उतरल्या आणि २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीचे रौप्यपदक मिळवून हे यश मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. गावातल्या चालकाचे ध्येय याहून साधे असते. परंतु क्रम तोच राहतो : आधी शरीराला काय जमते हे जाणणे, मग त्या मापाने वाहन घडवणे, आणि मोकळ्या मैदानात ब्रेक व वळण अंगवळणी पडल्यानंतरच वर्दळीच्या रस्त्याला लागणे.