एकाच शिक्क्याच्या दोन मोटारी

मोटारींच्या जगात एक अष्टकोनी शिक्का आहे. आठ कोनांची चौकट आणि तिच्यात ‘एम. जी.’ ही दोन अक्षरे. इंग्लंडातल्या ऑक्सफर्ड गावच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ची ही आद्याक्षरे. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात सेसिल किंबर नावाच्या तिथल्या हौशी व्यवस्थापकाने मॉरिसच्या साध्यासुध्या मोटारींना सडपातळ अंगलट देऊन त्या विकायला सुरुवात केली. लॉर्डाच्या पोराला परवडते ते बँकेतल्या कारकुनालाही थोडेफार परवडावे, असा हिशेब. तेव्हापासून हा शिक्का म्हणजे दोन माणसांची, वारा खात धावणारी मोटार असे समीकरणच होऊन बसले.

१९८० साली ॲबिंग्डनचा कारखाना बंद पडला. नाव मात्र मेले नाही. हातोहात फिरत ते चीनच्या एका मोठ्या कंपनीकडे गेले, आणि आज गुजरातेत हालोलला तोच अष्टकोनी शिक्का लावून विजेच्या मोटारी बाहेर पडतात. एक २०२० साली आली, दुसरी इवलीशी २०२३ साली, आणि ‘विंडसर’ नावाची ऐसपैस मोटार २०२४ साली. आजोबा आणि नातू एकाच आडनावाचे, पण एक तालमीत घुमणारा आणि दुसरा मोबाइलमध्ये डोके घालून बसणारा, तसाच हा प्रकार.

तुम्ही म्हणाल, हे सारे मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांचे चोचले. हिंगोलीच्या मराठीच्या प्राध्यापकाने त्यात कशाला नाक खुपसावे? आमच्याकडे चर्चा व्हायची ती हळदीच्या भावाची, दसऱ्याच्या प्रदर्शनाची, फार तर औंढ्याच्या श्रावणी सोमवारच्या गर्दीची. पण गेल्या वर्षी हा प्रश्न चक्क आमच्या गल्लीत येऊन उभा राहिला.

आमच्या शेजारचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. जन्मभर सरकारी जीपमधून कालवे पाहिले; स्वतःची मोटार कधी घेतली नाही. एक प्लॉट विकला आणि हाती पैसा आला. त्याच सुमारास त्यांच्या मुंबईच्या एका नातलगाने झाकून ठेवलेली १९७१ सालची ‘एम. जी. बी.’ विकायला काढली. त्या काळी परदेशी मोटार आणणे जवळजवळ अशक्य होते. वकिलातीतल्या साहेबांच्या गाड्या जाताना सरकारी व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात, त्यांतलीच ही. कॉलेजात असताना काकांनी ती मरीन ड्राइव्हवर पाहिली होती. किंमत सांगितली ती बरोबर नव्या विंडसरएवढी. आणि पैसा एवढाच. एक घेतली की दुसरी नाही.

यात आणखी एक बाजू होती. काकूंच्या हृदयाची झडप बदललेली आहे. रक्त तपासून गोळीचे प्रमाण ठरवण्यासाठी दर महिन्याला नांदेड गाठावे लागते. कळमनुरी, वारंगा फाटा, अर्धापूर असा सुमारे नव्वद किलोमीटरचा रस्ता. एकदा अपरात्रीही जावे लागले होते, आणि भाड्याची गाडी मिळेपर्यंत सगळ्या गल्लीचा जीव टांगणीला लागला होता. तेव्हा ही निव्वळ हौसेची गोष्ट नव्हती.

काका रोज संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन आमच्या ओट्यावर बसत. मला मोटारीतले काय कळते? पण शिकवण्याच्या धंद्यात माणसाला न कळणाऱ्या विषयाची पुस्तके वाचायची सवय लागते.

आधी म्हातारीकडे पाहू. १९६२ ते १९८० या काळात एम. जी. बी. मोटारी पाच लाखांहून अधिक बनल्या. १७९८ सी. सी.चे इंजिन, दोन कार्ब्युरेटर, चार गिअर, कापडी छत. हातात पाना धरता येणाऱ्या माणसाला समजणार नाही असे तिच्यात काहीही नाही. आणि खपच एवढा झालेला, की तिचे सुटे भाग आजही इंग्लंडात नवे बनतात. इतकेच काय, १९८८पासून सबंध सांगाडाच नवा मिळू लागला. सात वर्षांच्या मोबाइलची बॅटरी मिळत नाही आणि पन्नास वर्षांच्या मोटारीचा दरवाजा मिळतो, याला काय म्हणावे! ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जी वस्तू गावातला मिस्त्री उघडू शकतो, ती खऱ्या अर्थाने आपल्या मालकीची असते.

मात्र मिस्त्रीपाशी इंची पाने हवेत. ह्या गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे; आमच्या नाक्यावरच्या गॅरेजात सारे मिलिमीटरचे. काकांनी उत्साहाने इंची पान्यांचा संच मागवूनही टाकला. मग पेट्रोलचा प्रश्न निघाला. २०२५पासून देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या नि वायसरे त्याने फुगतात, चिरतात. त्या बदलून घेणे आले. पेट्रोलचा दर मराठवाड्यात शंभरीच्या पुढे आणि गाडी लिटरला दहा-अकरा किलोमीटर चालणार, म्हणजे मैलामागे पंधरा-सोळा रुपये नुसते धुरात. तिचे पोट जमिनीपासून जेमतेम पाच इंच वर. आमच्या गतिरोधकांवर ती होडीसारखी अडकली असती. आणि मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर असताना, कापडी छताखाली नांदेडपर्यंत म्हणजे हळद शिजवायच्या कुकरात बसल्यासारखेच.

सर्वांत मोठा घोळ कायद्याचा निघाला. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांपलीकडच्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी सुरू केली, क्रमांकात ‘व्ही. ए.’ अक्षरे आणि नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क. मान मोठा, पण अशी मोटार रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनासाठी, शर्यती-मेळाव्यासाठी, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला. रोजच्या वापराला मनाई. “म्हणजे दवाखान्यात न्यायची तर आधी मेळावा भरवायचा!” काकू म्हणाल्या.

आता नातवाकडे वळू. विजेची मोटार ही काही कालची गोष्ट नव्हे. ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा मोटारीने प्रथम ओलांडली ती १८९९ साली, आणि ती मोटार विजेचीच होती. हेन्री फोर्डची पत्नी क्लारा स्वतः विजेची मोटार वापरीत असे. नवऱ्याच्या गाडीला दांडा मारून सुरू करण्याची कटकट कोण करणार? १९१२ साली पेट्रोलच्या मोटारीला विजेचा स्टार्टर बसला, दांडा गेला आणि विजेची मोटार मागे पडली. विजेनेच विजेचा घात केला म्हणा ना. आमच्या मुंबईकरांनी तर १९०७पासून विजेच्या ट्रामचा प्रवास केला, १९६४ साली ती बंद पडेपर्यंत.

विंडसरची बॅटरी ३८ युनिटांची. कंपनी सांगते सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर. उन्हाळा आणि वातानुकूलन धरून आपण अडीचशे मानू. नांदेडला जाऊन-येऊन एकशेऐंशी. म्हणजे रात्री भरलेली गाडी वाटेत कुठेही न थांबता काकूंना नेऊन परत आणील. युनिटला दहा रुपये पडले तरी किलोमीटरमागे खर्च दीड रुपया. मुंबईला जायचे तर मात्र वाटेत दोनदा थांबण्याची तयारी हवी. वाशीमकडून समृद्धी महामार्गाला लागले की त्या मार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी देण्याचे राज्याच्या २०२५च्या धोरणात ठरले आहे, एवढाच दिलासा.

खरी अडचण घरात. साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर रिकामी बॅटरी भरायला बारा-तेरा तास लागतात. आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की वीज आधी जाते आणि पाऊस मागून येतो. तेव्हा गाडी निम्म्यावर येण्याची वाट न पाहता, भाताच्या डब्यासारखी ती सदैव भरलेली ठेवायची, हे पथ्य. दुसरी अडचण मिस्त्रीची. हिच्या पोटातल्या नारिंगी वायरींतून शेकडो व्होल्ट खेळतात. गावातला मिस्त्री त्यांना हात लावणार नाही आणि लावूही नये. बिघडण्याजोगे भाग मात्र तिच्यात कमी: तेल बदलणे नाही, क्लच नाही, कार्ब्युरेटर नाही.

कुणी तिसरी वाट सुचवली: जुन्याच गाडीत विजेची मोटर बसवा. इंग्लंडात असे होते. २०१८ साली राजपुत्र हॅरी लग्नानंतर ज्या जुन्या घाटाच्या जग्वारमधून गेला, ती आतून विजेची होती. मला हा उपाय पुरणपोळीतले पुरण काढून त्यात जॅम भरण्यासारखा वाटतो. त्या गाडीत जीव होता तो इंजिनाच्या आवाजाचा. तो काढून टाकल्यावर उरते काय, तर कमी उंचीची गैरसोय.

मी काकांना सरळ सांगितले, विजेची घ्या. ते काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात दोघे मुंबईला गेले आणि तिथे निकाल लागला. काकूंनी ती लाल गाडी पाहिली, हात फिरवला, “सुंदर आहे हो” म्हणाल्या आणि बसायला गेल्या. आसन रस्त्यापासून वीतभर वर. साडी सावरत खाली बसल्या खऱ्या. उठवायला मात्र दोघे लागले. काकांनी लगेच दार लावून घेतले. परतीच्या गाडीत हिंगोली येईपर्यंत त्यांनी मोटारीचे नाव काढले नाही.

दिवाळीच्या आधी विंडसर दारात येईल. काकांनी घरच्या मीटरचा वीजभार वाढवून घेण्याचा अर्ज दिला आहे, अंगणात जाड वायर ओढून झाली आहे. इंची पान्यांचा संच त्यांनी त्या नातलगाला पाठवून दिला. गाडी कुणीही घेवो, पाने तिच्याबरोबर जायला हवेत, असे त्यांचे म्हणणे.