वारा पाहणारा कोंबडा

वारा वाहील तशी पाठ फिरवणाऱ्या माणसाची आपण थट्टा करतो, आणि अशा माणसाला इंग्रजी शिकलेले लोक 'वेदरकॉक' म्हणतात. आपल्याकडे या यंत्राला 'वातकुक्कुट' असा भारदस्त शब्द आहे. परंतु या बिचाऱ्या कोंबड्यावर हा अन्यायच आहे, असे मला वाटते. कारण तो वाऱ्याला कधी पाठ दाखवीत नाही. वारा ज्या दिशेने येतो, त्या दिशेला तो तोंड करून उभा राहतो.

ही कला फार जुनी आहे. ग्रीसमध्ये अथेन्सला 'वाऱ्यांचा मनोरा' म्हणून एक अष्टकोनी इमारत आहे. ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तिच्या शिखरावर ट्रायटन या समुद्रदेवतेची काशाची फिरती मूर्ती होती आणि तिच्या हातातील छडी वाऱ्याची दिशा दाखवी. पुढे युरोपात चर्चच्या मनोऱ्यांवर कोंबडा आला. कोंबडा आरवण्यापूर्वी येशूला तीनदा नाकारणाऱ्या पीटरची आठवण त्यामागे आहे. इटलीतील ब्रेशा येथे सुमारे ८२० सालचा असा एक कोंबडा आजही जपून ठेवलेला आहे. चर्चवरून तो शेतकऱ्याच्या कोठारावर व घराच्या बागेत उतरला. मग गावोगावच्या लोहारांनी त्याला घोडा, मासा, गलबत अशी नाना रूपे दिली.

आपल्याकडे काय आहे? गोव्यातील जुन्या घरांच्या कौलांवर मातीचा कोंबडा किंवा शिपाई बसवलेला दिसतो. पण तो जागचा हलत नाही. तो घराची शोभा आणि राखण करतो. वारा दाखविण्याचे काम आपण कापडाकडे सोपविलेले आहे. अष्टदिक्पालांपैकी वायव्येचा स्वामी जो वायू, त्याच्या हाती शिल्पकार ध्वज देतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. देवळाच्या शिखरावरील निशाण, दारची गुढी, होडीच्या डोलकाठीवरील बावटा ही सारी एकाच कुळातली म्हटल्यास वावगे ठरू नये.

मी माझगावचा रहिवासी. आमच्या भंडारवाड्याच्या टेकडीवर, पाण्याच्या जलाशयावर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. तेथून पूर्वेला गोदी व बंदर दिसते. खाली भाऊच्या धक्क्याला मच्छीमार बोटी लागतात आणि त्यांच्यावर रंगीबेरंगी बावटे फडफडत असतात. शिडाच्या काळी हा बावटा नुसती हौस नव्हती. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर होड्या बाहेर पडत आणि दुपारनंतर समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर परतत. वारा केव्हा फिरला हे कळणे म्हणजे रात्री घरी पोहोचणे. आता बोटींना इंजिन आले, अंदाज मोबाइलवर येतो. तरीही वादळ जवळ आले की बंदरात धोक्याचा बावटा लावतात, हे विसरता कामा नये. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा कुलाब्यास वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला होता.

माझगावची गंमत अशी, की आमचा समुद्र पूर्वेला, पण खारा वारा येतो तो पश्चिमेकडून, सारे शहर ओलांडून. म्हणून येथला वातकुक्कुट हिवाळ्यात दिवसातून दोनदा तोंड फिरवील: पहाटे पूर्वेकडे किंवा ईशान्येकडे, दुपारी पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपार झाली तरी तो पूर्वेकडेच पाहात असेल, तर समजावे की खाऱ्या वाऱ्याला उशीर झाला आहे आणि आज उकाडा होणार. पावसाळ्यात मात्र तो बहुतेक नैर्ऋत्य व पश्चिम यांच्यामध्येच डोलत राहील. आपल्याकडे हा कोंबडा घरोघरी का रुजला नाही, याचे एक कारण कदाचित हेच असावे: ऋतूंचे वारे आपल्याला पाठ असतात.

याची रचना अगदी सोपी आहे. आडव्या दांडीच्या एका टोकाला अरुंद बाण, दुसऱ्या टोकाला रुंद शेपूट. वारा रुंद भागाला अधिक ढकलतो, म्हणून शेपूट मागे जाते आणि बाण वाऱ्याच्या उगमाकडे वळतो. कोंबड्याचा पिसारा येथे आयताच उपयोगी पडतो! मात्र वजन दोन्ही बाजूंना सारखे हवे. दांडी बोटावर तोलून पाहावी, जेथे ती आडवी राहील तेथे भोक पाडावे. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा, लाकडाची पट्टी, सायकलचा जुना आरा आणि घर्षण कमी करण्यासाठी मध्ये एक काचेचा मणी, एवढ्यात काम भागते. खाली चार दिशा होकायंत्राने पाहून लावाव्यात. वारा ज्या दिशेने येतो त्याच दिशेचे नाव त्याला देतात, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे.

अडचण आहे ती जागेची. हवामानशास्त्रात वाऱ्याचे मापन मोकळ्या जागी, जमिनीपासून दहा मीटर उंचीवर करतात. भिंतीआडचा वारा भोवऱ्यासारखा फिरतो आणि खोटे बोलतो. आमच्या माथारपाखाडीतील कौलारू घरांभोवती आता उंच इमारती उठल्या आहेत. तेथल्या गॅलरीत लावलेला कोंबडा वारा नव्हे, शेजारच्या इमारतीचा कोपरा दाखवील.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयाची गच्ची उंच व मोकळी आहे. चित्रकलेची आवड असणाऱ्यांनी आकार काढावा, भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी दिशा लावाव्यात आणि रोज सकाळी व दुपारी दोन नोंदी वहीत कराव्यात. आकार मात्र कोंबड्याचाच असला पाहिजे असे नाही. माझगावात तो पापलेटचा झाला, तर कोणाची हरकत असणार?